तंबूला पडलेली वीतभर चीर

[कोथरूडमधल्या एका सोसायटीची गच्ची. कपड्यांच्या दोरीवर उलटा टाकलेला हिरवा तंबू. कॅमेरा हळूहळू एका शिवणीजवळ जातो.]

ही शिवण मोचीकाकांनी घातली आहे. त्याआधी रफूवाल्याकडे गेलो होतो. त्याने तंबू दोन बोटांत चोळून पाहिला, "हे कापड नाही, छत्री आहे" म्हणाला आणि परत दिला. मोचीकाकांनी काही न बोलता मेण लावलेला दोरा ओवला, दुहेरी टाके घातले आणि शेवटी विचारलं, "कोणी फाडलं?"

"माकडाने."

"कशासाठी?"

"बाकरवडीसाठी."

त्यांनी मान डोलावली. कारण त्यांना पटलं असावं.

[गच्चीच्या कठड्यावर मांडलेलं सामान: कंदील, खुंट्या, जळका तवा, एक जुना टायर.]

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं पुण्याहून निघालो. बाबा, दादा, वहिनी आणि मी. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा. त्यांतली ताडोबा, नवेगाव, पेंच आणि मेळघाटातलं गुगामल ही चार नऊ दिवसांत करायची, आणि मुक्काम तंबूत. मेळघाट राहिलंच. ताडोबाही आम्ही फाटकाबाहेरून पाहिलं असं म्हणायला हरकत नाही.

तयारी मात्र जोरदार होती. दादाने तीन महिने रोज रात्री अमेरिकेतल्या कॅम्पिंगचे व्हिडिओ पाहिले. तिकडे 1872 साली यलोस्टोन झालं, तेव्हापासून राष्ट्रीय उद्यानात जाऊन राहणं ही लोकांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. आखून दिलेल्या जागा, तिथे शेकोटीचा खड्डा. योसेमिटीत तर अस्वलांनी खाऊ नये म्हणून अन्न ठेवायला लोखंडी पेट्यासुद्धा. दादाने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. बाबांनी जुन्या बाजारातून कंदील आणला. त्याला काच नव्हती. ती पुढच्या रविवारी त्याच बाजारात, दुसऱ्याच माणसाकडे मिळाली. बाबांना या खरेदीचा जेवढा आनंद झाला तेवढा पुढे वाघाच्या पायाचा ठसा पाहूनही झाला नाही.

[समृद्धी महामार्ग. रणरणतं ऊन. सरळ रेषेत दूर जाणारा काँक्रीटचा रस्ता.]

रविवारी पहाटे पाचला निघालो. छत्रपती संभाजीनगरजवळ समृद्धीला लागलो. 701 किलोमीटरचा रस्ता, गाडीला 120ची मर्यादा, वळण जवळजवळ नाही. जालना मागे पडलं आणि मागचं डावं चाक गेलं. टायर फुटण्याचा आवाज फटाक्यासारखा असेल अशी माझी समजूत होती. आम्हाला तो धान्याचं पोतं उसवावं तसा ऐकू आला. मग गाडीने एक लांब गिरकी घ्यायचं मनात आणलं, आणि दादाने ब्रेक न दाबता नुसता अ‍ॅक्सिलेटर सोडला म्हणून तो बेत तिने रद्द केला.

आता खरी गंमत. शिरूरच्या पंपावर दादाने मुद्दाम हवा कमी केली होती. 32च्या जागी 27. उन्हाळ्यात हवा तापून फुगते, म्हणून थोडी कमी ठेवायची, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. होतं नेमकं उलट. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, पुन्हा उठते, आणि या दबण्या-उठण्यानेच टायर आतून तापतो. वेग जितका जास्त, तितका जास्त. गाडी कंपनीने दारावर लिहिलेला आकडा गार टायरचा असतो आणि तापून वाढणारी हवा त्यात धरलेली असते.

[टायरच्या कडेवरचे आकडे, अगदी जवळून: 1817.]

हे चार आकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2017 सालचा अठरावा आठवडा. नक्षी शाबूत होती, म्हणून आम्ही टायर नवाच समजत होतो. रबराचं वय नक्षीवर दिसत नाही.

स्टेपनी होती. ती तंबूखाली, दोन घडीच्या खुर्च्यांखाली, शेगडीखाली आणि वहिनीच्या मसाल्याच्या पेटीखाली होती. अर्धा संसार रस्त्याकडेला उतरवून ती काढली, तर तिच्यातही हवा नाही. या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे स्कूटीवर पंप घेऊन येणारा पंक्चरवाला पोरगा इथे भेटत नाही. पाऊण तासाने गस्तीची गाडी आली. मेहकरला मुक्काम. रविवार असल्याने टायरचं दुकान बंद, ते सोमवारी अकराला उघडलं. चारही टायर बदलले आणि सोमवार दुपारची सफारी हुकली.

[ताडोबाचं एक प्रवेशद्वार. बंद फाटक.]

मग उजाडला मंगळवार. मंगळवारी ताडोबा बंद असतं. ही गोष्ट बाबा सोडून आम्हा तिघांनाही माहीत होती आणि तिघांनीही ती दुसऱ्याने लक्षात ठेवली असेल असं धरलं होतं.

1955 साली राष्ट्रीय उद्यान झालेलं, राज्यातलं सगळ्यात जुनं. वाघाशी झुंजताना मारल्या गेलेल्या तारूचा पुढे देव झाला, त्याच्यावरून हे नाव. दादाने फाटकावरच्या वनरक्षकाला विचारलं, "आत तंबू कुठे लावतात?" तो आधी हसला नाही. प्रश्न नीट ऐकून घेतला आणि म्हणाला, "आत मुक्कामाले फक्त वाघ राह्यते, साहेब."

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगीवाचून राष्ट्रीय उद्यानात शिरताही येत नाही, मग राहणं दूरच. सफारीत ठरलेल्या जागा सोडून गाडीतून खालीसुद्धा उतरायचं नाही. म्हणजे आमच्या वहीतली पहिली चार पानं तिथेच बाद झाली. बुधवारचं आरक्षण मिळेना. एक दिवस बफरमध्ये, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यात फिरलो, ठसा पाहिला, पूर्वेला निघालो.

[नवेगावचा तलाव. डोंगरांनी वेढलेलं पाणी. संध्याकाळ.]

गोंदिया जिल्हा म्हणजे तलावांचा मुलूख. कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या इथे बांध घातले, पाणी अडवलं. त्या पाण्यावर भातशेती उभी राहिली. जंगलाबाहेरच्या एका गावात राहायची सोय होती. मालक म्हणाले, "अंगणात लावा तंबू." अंगण शेणाने सारवलेलं, स्वच्छ. पण तिथून दिसत होती फक्त मालकांची मोटारसायकल. दादाला तंबूच्या दारातून जंगल दिसायला हवं होतं. त्याने परसाच्या टोकाला, एका डेरेदार झाडाखाली जागा धरली. मालकांनी झाडाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "पाहा बाप्पा," एवढंच म्हणाले. पुण्यात याचा अर्थ होकार होतो.

शेकोटी पेटवली. पिठलं झालं. झोपलो.

[काळोख. फक्त आवाज: टप. थोड्या वेळाने पुन्हा, टप. टप टप.]

मध्यरात्र उलटल्यावर तंबूवर थेंब पडू लागले. अवकाळी, असं वहिनी म्हणाली. बाबा कंदील घेऊन बाहेर गेले आणि मूठ मिटून आत आले. मुठीत फिक्या पिवळ्या रंगाचे, द्राक्षाएवढे, रसाने भरलेले गोळे. गोड, थोडासा आंबूस वास. मोहाची फुलं. मोह रात्री फुलतो आणि पहाटेपर्यंत गळत राहतो. आम्हाला भारी कौतुक. बाबांनी दोन खाल्लीही. मग दिवा मालवला.

चारच्या सुमाराला दुसरा आवाज आला. बशीतला चहा एखाद्याने भुरकावा तसा. भुरका, थोडी शांतता, मग फुस्‌कन सोडलेला श्वास. बाबांचा हात तंबूच्या चेनकडे गेला आणि वहिनीने तो मनगटाला धरून ठेवला. मला त्या अंधारात दिसत होतं ते एवढंच: बाबांचं मनगट आणि वहिनीच्या बांगड्या, एकीचाही आवाज नाही. तंबूचं कापड माझ्या खांद्यापासून चार बोटांवर होतं. कापड कसलं, छत्री.

अस्वलाच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, म्हणून तो भुरक्यांचा आवाज. मोहाचं ते वेडं. नजर अधू, नाक तेज. आणि माणूस अचानक जवळ दिसला की पळून जाण्याऐवजी अंगावर येतं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी कळत होतं ते इतकंच, की बाबांनी चेन उघडायची नाही.

गावातली कुत्री भुंकली. भुरके थांबले.

[पहाट. टोपल्या घेऊन येणाऱ्या बायका. मोठमोठ्याने चाललेल्या गप्पा.]

फटफटलं तेव्हा बायका आल्या. लांबूनच जोरजोरात बोलत. ती बोलायची हौस नव्हे. अस्वलाला आधी कळावं म्हणूनची रीत आहे. पुढच्या बाईंनी तंबू पाहिला आणि कमरेवर हात ठेवला.

"काहून जी, झोपाले हेच झाड भेटलं का तुमाले?"

बाबा म्हणाले, "चुकलंच बाई."

त्या मग फुलं वेचता वेचता सांगत होत्या. वाळवून ठेवतात, खायला, विकायला. या महिन्यातला घरचा मोठा पैसा हाच. फुलं नीट दिसावीत म्हणून कुणी खालचा पाला जाळतं, आणि ती आग कधी जंगलात शिरते. या बाई पाला झाडूने झाडतात. झाडता झाडता त्यांचा झाडू आमच्या शेकोटीच्या राखेपाशी थांबला. राखेपासून हातभर अंतरावर सागाची वाळलेली पानं, एकेक ताटाएवढं. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम. आम्ही ऐन मध्यावर, वाऱ्याच्या बाजूला, पिठल्यासाठी जाळ केला होता. बाईंनी राखेत हात घातला. अजून ऊब होती. त्या काही बोलल्या नाहीत. शेजारच्या घरून बादलीभर पाणी आणून ओतलं.

त्या रात्री तंबू अंगणात लागला. मोटारसायकलशेजारी. मालकीणबाईंनी बाबांना बाज दिली आणि मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचून दिली. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तिचा चावा कित्येकदा कळतही नाही. आमच्या तंबूची चेन फोन चार्जिंगच्या वायरीसाठी तीन रात्री दोन बोटं उघडी होती.

[पेंच. सिल्लारीचा परिसर. रात्रीचं आकाश.]

पेंचला दोनच गोष्टी सांगण्यासारख्या. पहिली, माकड. दुपारी आम्ही तंबू बंद करून गेलो, बाकरवडी आत. लोखंडी पेटी आठवली, पण ती अमेरिकेत. परत आलो तो वीतभर चीर आणि समोरच्या फांदीवर रिकामं पाकीट उलटंपालटं करून पाहणारी मंडळी.

दुसरी, दिवे. महाराष्ट्रातलं पेंच जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेली जागा. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड फक्त खाली पडेल असे केले. आणि आम्ही तंबूभोवती रंगीत दिव्यांची माळ लावून बसलो होतो, गणपतीतली. शेजारच्या खाटेवरून एक आजोबा शांतपणे म्हणाले, "तेवढं बंद करता का जी." बंद केली. पहिली पाच-सात मिनिटं काहीच दिसलं नाही. मग दिसायला लागलं आणि बराच वेळ कोणी बोललं नाही. दादासुद्धा.

[पुन्हा कोथरूडची गच्ची. रात्र. तंबू उभा केलेला.]

शिवण टिकते का बघायला बाबा काल इथे गच्चीवर झोपले. आजूबाजूच्या इमारतींच्या उजेडात चांदण्या मोजल्या, अकरा भरल्या. रात्री केव्हातरी वॉचमन पंप बंद करायला विसरला आणि वरची टाकी भरून वाहू लागली.

टप. टप टप.

मी धावत वर गेले तर बाबा अंधारात ताठ बसलेले, एक हात चेनवर, आणि दुसऱ्या हाताने तोच हात घट्ट धरून ठेवलेला.