सलाईननं मांडी भरत नाही
(सांगलीत ज्येष्ठ नागरिकांसमोर एका फिजिशियननं दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार. मागं आवाज येतोय ना? बरं.

आपल्या सांगली-मिरजेत दवाखान्यांची काय कमी नाही, त्यामुळं आजार झाला की माणूस अॅडमिट होतो, बरा पण होतो, आणि घरी आल्यावर पोराचा फोन येतो, डॉक्टर, ताप गेला, खोकला गेला पण अण्णांना संडासवरनं उठता येईना, एखादं ताकदीचं सलाईन लावूया का? मला आज या एवढ्याच प्रश्नावर बोलायचंय.

डीएनएस म्हणजे नेहमीचं साखर-मिठाचं सलाईन, त्याची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे पाणी, मीठ आणि 25 ग्रॅम साखर. प्रोटीन शून्य. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर ती जीव वाचवते, त्यात वाद नाही. पण अण्णांचं गेलंय ते मांडीचं मांस. 2007 साली अमेरिकेतला एक छोटा अभ्यास आला, त्यात साठीच्या पुढची धडधाकट माणसं, कसलाही आजार नाही, नुसती 10 दिवस कॉटवर झोपवून ठेवली, तर पायातलं जवळपास किलोभर मांस गेलं. दहा दिवसात! आता त्यात न्यूमोनिया धरा, मोडलेला खुबा धरा, तोंडाची गेलेली चव धरा. आणि वरनं घरचे प्रेमानं म्हणणार, तुम्ही उठू नका ओ, सगळं हातात देतो. आमचेही लोक डिस्चार्जच्या कागदावर नुसतं ‘विश्रांती’ लिहून मोकळे होतात, हे चुकतंय.

वयानुसार मांस आणि ताकद कमी होते त्याला सार्कोपेनिया म्हणतात. 1989 मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी हे नाव सुचवलं. (आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलाचे आयर्विन वेगळे!) वजनकाट्यावर हे कळत नाही, पोट तेवढंच राहतं आणि पिंढऱ्या वाळतात.

या मामा, तुम्ही या पुढं. खुर्चीत बसा, हात छातीवर घडी. आता हात न टेकता पाच वेळा पूर्ण उठायचं-बसायचं, मी घड्याळ लावतो. ...बघा, तिसऱ्या वेळेला हात आपोआप गुडघ्याकडं निघाला, पाय मागं ओढला, कमरेतनं झोका घेतला. शरीर अशी पळवाट शोधतं आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. आशियाई तज्ज्ञांच्या 2019 च्या निकषानुसार पाच वेळेला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर तपासून घ्यावं. शिंप्याची टेप असेल तर पिंढरी पण मोजा, पुरुषांची 34 आणि बायकांची 33 सेंटीमीटरपेक्षा कमी भरली तरी तेच.

आता चांगली बातमी. 1990 मध्ये बोस्टनला वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या 10 जणांकडनं 8 आठवडे पायानं वजन उचलायचा व्यायाम करून घेतला, मांडीची ताकद सरासरी 174 टक्के वाढली. नव्वदीत, हां! मग 1994 मध्ये 100 जणांवर मोठा अभ्यास झाला, काहींना व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही. व्यायामानं ताकद दुपटीच्या वर गेली, नुसत्या पेयानं काही फरक पडला नाही. म्हणून मेडिकलमधनं पावडरचा महागडा डबा आणून अण्णांना पलंगावरच पाजत बसला तर पैसे गेले समजा.

खायचं मात्र पाहिजेच. वजनाच्या किलोमागं रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72. एका अंड्यात 6, ग्लासभर दुधात 6-7, मूठभर शेंगदाण्यात 7 च्या आसपास. आपली आजी रात्री चहा-बिस्किटावर भागवते तिथं हिशोब बसणार कसा? पिठलं, उसळ, दही, अंडं, जे चालतं ते तिन्ही वेळेला थोडं थोडं. दात नसतील तर दाण्याचा कूट. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, तिथं हा हिशोब वेगळा.

कोण विचारतंय? रोज आमराईत चकरा मारतो, पुरे का? काकू, चकरा सोडू नका, हार्टला आणि शुगरला चांगल्या आहेत, पण मांडीवर पुरेसा भार येत नाही. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, पहिले काही दिवस हातांचा आधार घेऊन दहादा उठा-बसा, श्वास रोखायचा नाही, छातीत दुखलं किंवा चक्कर आली की थांबायचं. जमायला लागलं की हात सोडायचे. एक दिवसाआड केलं तरी चालतंय.