पॅडीची टोपी

नमस्कार श्रोतेहो.

17 मार्च आला की जगभरातले पब हिरवे होतात. हिरवी उंच टोपी, नकली लाल दाढी, हातात काळ्या बिअरचा ग्लास. आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा हा दिवस. शिकागोत तर 1962 पासून अख्खी नदीच हिरवीगार रंगवतात. आयरिश माणूस म्हणजे दारू, गाणं आणि गुद्दागुद्दी, हे जगाने एकदा ठरवून टाकलंय. त्याला नावही एकच, पॅडी. मग तो पॅट्रिक असो नाहीतर आणखी कुणी.

आता खुद्द आयर्लंडमध्ये काय चालायचं ते ऐका. 1927 साली तिथल्या सरकारने कायदा केला आणि 17 मार्चला देशातले सगळे पब बंद ठेवायला लावले. सणाचा दिवस, चर्चमध्ये जा, घरी जेवा! पुढची तीसेक वर्षं हे असंच चाललं. डब्लिनमध्ये त्या दिवशी कुत्र्यांचं प्रदर्शन भरायचं, तिथे मात्र कायद्यातून सूट होती. त्या एका दिवसापुरती शहराला कुत्र्यांची भलतीच माया यायची, असं गमतीने सांगतात.

त्याहून जुनी गोष्ट सांगतो. 1838 साली कॉर्क शहरात फादर थियोबाल्ड मॅथ्यू नावाच्या धर्मगुरूने दारू सोडण्याची शपथ द्यायला सुरुवात केली. काही वर्षांत लाखो लोकांनी ती घेतली. पुढे 1898 मध्ये तशीच आणखी एक चळवळ निघाली. तिचे सभासद कोटावर एक छोटीशी पिन लावत. आपल्याकडे गळ्यात तुळशीची माळ दिसली की यजमान समजून घेतो, आग्रह करत नाही. तिथे ती पिन पाहून तसंच व्हायचं.

आयर्लंडमध्ये कुणी पीतच नाही, असं माझं म्हणणं नाही. पितात, चांगले पितात. पण शेजारचे इंग्रज काय सोवळ्यात होते? मग दारुड्या म्हणून चित्र निघालं ते एकट्या पॅडीचंच का?

एकोणिसाव्या शतकात आयर्लंडवर इंग्रजांचं राज्य होतं. त्या काळातली इंग्रजी व्यंगचित्रं पाहिली की उत्तर सापडायला लागतं. लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात जॉन टेनिएल हा मोठा चित्रकार होता. हात फार सुरेख. पण आयरिश बंडखोर काढायचा म्हटला की हा गृहस्थ सरळ वानराचा जबडा काढायचा. पुढे आलेला ओठ, बसकं कपाळ, हातात सोटा. अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्कमध्ये थॉमस नास्ट तेच करत होता. माणसाला एकदा माकड करून टाकलं की त्याच्या घरात काय शिजतंय, शिजतंय तरी का, हे विचारायची गरज उरत नाही.

आणि घरात शिजत नव्हतंच. 1845 साली बटाट्यावर रोग पडला. उभं पीक जमिनीत कुजलं. गरीब कुळांचं सगळं पोट बटाट्यावर, कारण पसाभर जमिनीत घरादाराला पुरेल असं दुसरं काही पिकत नव्हतं. ओट्स आणि लोणी व्हायचं, पण ते खंडापायी जायचं. बटाटा सडला त्या वर्षांतही आयरिश बंदरांतून धान्य, लोणी आणि गुरं भरून जहाजं इंग्लंडला जातच राहिली. 1852 पर्यंत सुमारे 10 लाख माणसं भुकेने आणि तापाने गेली, तितकीच किंवा जास्त देश सोडून गेली. 1841 च्या शिरगणतीत त्या बेटावर जवळपास 82 लाख लोक होते. आज स्वतंत्र प्रजासत्ताक आणि ब्रिटनकडे राहिलेलं उत्तर आयर्लंड दोन्ही मिळून 70 लाखांच्या आसपास आहेत. पावणेदोनशे वर्षं झाली, तो खड्डा अजून भरलेला नाही.

मदतीच्या पैशाच्या नाड्या ज्याच्या हातात होत्या, तो लंडनच्या खजिन्यातला अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन. मेकॉलेच्या बहिणीचा नवरा. तरुणपणी दिल्ली-कलकत्त्यात नोकरी केलेला, आणि पुढे 1859 मध्ये मद्रासचा गव्हर्नर होऊन आलेला. त्याच्या मते आयर्लंडचं खरं दुखणं उपासमार हे नव्हतंच, लोकांचा स्वभाव हे होतं. आळशी आहेत, फुकट दिलं तर सोकावतील. श्रोतेहो, दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या माणसांबद्दल हे बोल आपल्याही आजोबा-पणजोबांनी ऐकलेले असतील. आळशीपणाचा शिक्का मारला की सरकारला धान्य कमी द्यावं लागतं. हिशेब सोपा आहे.

जहाजांत बसून जे अमेरिकेला पोचले, त्यांच्या आधी त्यांची कीर्ती तिथे पोचली होती. नोकरीच्या जाहिरातीत शेवटी एक ओळ असायची, आयरिश माणसाने अर्ज करू नये. 2002 मध्ये एका अमेरिकी प्राध्यापकाने लिहिलं की या जाहिराती फारशा नव्हत्याच, आयरिशांनी छळाची दंतकथा रचून ठेवली आहे. ते वाचून आठवीतल्या एका मुलीने घरच्या संगणकावर जुनी वर्तमानपत्रं धुंडाळली. एकामागून एक जाहिराती निघाल्या! 2015 मध्ये तिचा लेख इतिहासाच्या मान्यवर नियतकालिकात छापून आला. मला हा किस्सा फार आवडतो. चौदा वर्षांची पोर, आणि प्राध्यापकांना पुरावा दाखवते.

अमेरिकेत पोलिसांच्या गाडीला बोलीत ‘पॅडी वॅगन’ म्हणतात. कुणी म्हणतं, आत कोंबलेले आयरिश असायचे म्हणून. कुणी म्हणतं, गाडीवरचे पोलीसच आयरिश असायचे म्हणून. दोन पिढ्यांत गाडीच्या आतून पुढच्या बाकावर येणं, हा प्रवासही आयरिशांचाच आहे. आणि एव्हाना त्यांनी ती हिरवी टोपी स्वतःच डोक्यावर चढवली होती. ज्या चित्राने चिडवलं तेच विकायला काढलं. हुशारीच म्हणायची, पण मला ती टोपी पाहिली की जरा कसंसंच होतं.

देशाभिमानाची एक गंमत आहे. तो परदेशात लवकर उतू जातो. संत पॅट्रिकची मिरवणूक न्यूयॉर्कमध्ये 1762 पासून निघते. आपल्या लोकांनी परदेशात काढलेले गणपती आठवा, ढोल-ताशा जरा जास्तच घुमतो. मायदेशी राहिलेल्या आयरिशांच्या वाट्याला मात्र दुसरंच काही होतं. गावच्या शाळेत मुलांच्या गळ्यात एक काठी बांधायचे. मूल आयरिश भाषेत बोललं की काठीवर एक खाच. शाळा सुटताना खाचा मोजायच्या आणि तितक्या छड्या. घरच्यांचीही याला संमती असायची, कारण बोट धरून अमेरिकेला नेणारी भाषा इंग्रजी होती. आज आयरिश ही तिथली पहिली राजभाषा आहे, रस्त्यांच्या पाट्यांवर आधी तीच असते. बोलणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यावर मराठी माणसाने फार बोलू नये.

आपला आणि त्यांचा धागा जुना आहे. टिळकांनी 1916 च्या एप्रिलमध्ये बेळगावला होमरूल लीग काढली, तो शब्द आयर्लंडचाच. त्याच एप्रिलमध्ये डब्लिनच्या टपाल कचेरीवर बंडाचं निशाण लागलं होतं. 1920 मध्ये जालंधर आणि सोलनच्या छावण्यांत कनॉट रेंजर्स या ब्रिटिश पलटणीतल्या आयरिश शिपायांनी गावाकडे इंग्रजांनी चालवलेल्या अत्याचारांच्या बातम्या ऐकून बंदुका खाली ठेवल्या आणि बाजारातल्या कापडाचा आयर्लंडचा तिरंगा उभारला. जेम्स डॅली या विशीतल्या पोराला दगशाईला गोळ्या घातल्या. आणि हेही सांगायला हवं, की जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबवर हुकूम चालवणारा मायकेल ओड्वायर हाही आयरिशच, टिपरेरीचा. सगळ्या आयरिशांना एकाच मापाने मोजता येत नाही, ते कौतुकानेही नाही. आणि आयरिश कोण, याचंही माप बदललं. 2017 मध्ये तिथे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड.

आता शेवटचं, आणि ज्यासाठी मी आज बोलायला बसलो ते.

डब्लिनमध्ये क्रोक पार्क नावाचं मैदान आहे. 21 नोव्हेंबर 1920 रोजी तिथे डब्लिन आणि टिपरेरीचा गेलिक फुटबॉल या आयरिश खेळाचा सामना चालू होता. त्या सकाळी क्रांतिकारकांनी शहरात ब्रिटिश गुप्तहेर मारले होते. दुपारी सरकारी दलं मैदानात घुसली आणि गोळीबार झाला. 14 जण गेले. त्यांत टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन होता. त्याचं नाव आजही तिथल्या प्रेक्षागृहाला आहे. पुढे कित्येक वर्षं या मैदानावर रग्बीसारख्या ‘परक्या’ खेळांना मज्जाव होता. 2005 मध्ये मोठ्या वादावादीनंतर नियम सैल झाला, आणि 24 फेब्रुवारी 2007 ला रग्बी खेळायला तिथे कोण आलं? इंग्लंड.

म्हणजे होगनच्या नावाच्या प्रेक्षागृहासमोर इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजणार. वर्तमानपत्रांत आठवडाभर हीच काळजी. भडक डोक्याचे लोक, शिट्ट्या घालतील, काही फेकतील. बँडने सूर धरला. 80 हजारांवर माणसं उभी होती. एक शिट्टी नाही. गीत संपलं आणि टाळ्या झाल्या. मग त्यांचं स्वतःचं गीत सुरू झालं, तेव्हा जॉन हेज नावाच्या सव्वाशे किलोच्या खेळाडूच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं.

आयर्लंडने सामना 43–13 असा जिंकला. त्या रात्री डब्लिनचे सगळे पब उघडे होते.

नमस्कार.