हर्णैची हिरवी माशी

(दृश्य : हर्णै बंदर, सकाळ. मागे सुवर्णदुर्ग. वाळूवर पसरलेली जाळी.)

ऊन तापायला लागलं की इथे मासळी वाळत पडते. जवळा, बांगडा, बोंबील. पहिली पाटी पसरून होते न होते, तोच ती येते. हिरव्या-निळ्या चकाकत्या अंगाची, विटकरी डोळ्यांची, घरातल्या माशीहून चांगली जाडजूड. सुकट घालणाऱ्या बायांचा अर्धा जीव हिला हाकलण्यात जातो. मीठ कमी पडलं किंवा आभाळ भरून आलं, की ओलसर राहिलेल्या मासळीत दुसऱ्याच दिवशी अळ्या वळवळतात.

शास्त्रातलं हिचं नाव क्रायसोमाया मेगासेफाला. मेगासेफाला म्हणजे मोठ्या डोक्याची. हीच माशी आंब्याच्या मोहोरावरही बसते आणि फळधारणेला हातभार लावते. पण आज आपण हिच्याकडे एका वेगळ्या कामासाठी आलो आहोत. माणूस मरून किती वेळ झाला, हे ती सांगू शकते.

(दृश्य : भिंगातून अंड्यांचा पांढरा पुंजका.)

मेलेल्या शरीराचा वास तिला आपल्या कितीतरी आधी लागतो. दिवसाउजेडी, उघड्यावर, मृत्यूनंतर काही मिनिटांतसुद्धा ती येऊन बसते. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या, तोंड, एखादी जखम, अशा ओल्या जागा शोधून दोन-अडीचशे अंडी घालते. कोकणातल्या उकाड्यात दिवस उलटायच्या आत अळ्या बाहेर. अळी वाढताना दोनदा कात टाकते. तिचं वय ओळखायची खूण मागच्या टोकाला असते. तिथे श्वासाच्या दोन चकत्या असतात आणि शेवटच्या अवस्थेत त्या प्रत्येकीत तीन-तीन फटी दिसतात. पोट भरलं की ती शरीर सोडून मातीत शिरते आणि तपकिरी कोषात जाते. अंड्यापासून माशी व्हायला इथे साधारण दहा-बारा दिवस लागतात.

मात्र हे घड्याळ दिवस मोजत नाही, ऊब मोजतं. थंड देशात तिच्या जातभाईंना एवढ्याच वाढीला महिनाही लागतो. त्यामुळे तिकडची कोष्टकं इथे तशीच लावता येत नाहीत. तपासणाऱ्याला त्या-त्या दिवसांचं तापमान लागतं, आणि ते जवळच्या वेधशाळेतून मिळतं. हर्णैला हवामान खात्याची वेधशाळा आहे, रत्नागिरीलाही आहे. शिवाय शेकडो अळ्या एकत्र खात असल्या की त्या घोळक्यातच उष्णता तयार होते. तीही हिशेबात धरावी लागते. मुसळधार पावसात माशी उडत नाही, रात्री सहसा अंडी घालत नाही. म्हणून उत्तर नेहमी ‘निदान इतके तास’ असंच येतं. नेमकी घटका कोणी सांगू लागला तर सावध व्हावं.

(दृश्य : ओहोटीची वेळ. ओली, रिकामी पुळण.)

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक गुंता आहे. समुद्रात बुडालेल्या देहावर माशी बसू शकत नाही. तो फुगून वर तरंगला किंवा लाटांनी किनाऱ्याला टाकला, की मगच तिचं घड्याळ सुरू होतं. म्हणजे अळ्यांवरून कळतं ते देह पाण्याबाहेर किती वेळ आहे एवढंच. माणूस कधी गेला, ते त्याहून मागे असतं.

अशा जागी आधी पोचतो तो गावकरी किंवा पोलीस पाटील. त्यांना कळकळीची विनंती आहे. घाण वाटली तरी देहावर पाणी ओतू नका. त्या अळ्या वाहून गेल्या की साक्षीदारच गेला. जाणकार माणूस सर्वांत मोठ्या अळ्या निवडतो, काही गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवतो, काही जिवंत वाढवतो, म्हणजे माशी कोणत्या जातीची ते पक्कं होतं. देहात विष किंवा औषध असेल तर त्याचा अंश अळीतही सापडू शकतो.

ही विद्या जुनी आहे. चीनमध्ये १२४७ साली सोंग त्सू नावाच्या न्यायाधिकाऱ्याने एक खटला लिहून ठेवला. कोयत्याने खून झाला होता. गावातल्या सगळ्यांचे कोयते जमिनीवर मांडायला लावले. माश्या एकाच कोयत्यावर जमल्या. धुतलेल्या पात्यावर रक्ताचा वास उरला होता.

(दृश्य : रुग्णालय. पायाची जखम, पट्टी.)

आता दुसरी बाजू. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, विल्यम बेअर या अमेरिकी शल्यचिकित्सकापुढे दोन सैनिक आले. सात दिवस रणांगणावर पडून होते, मांडीची हाडं मोडलेली, जखमांत अळ्या. ताप मात्र नाही. अळ्या काढल्यावर खाली गुलाबी, निरोगी मांस होतं. पुढे बाल्टिमोरला त्याने हाडांच्या जुनाट जखमांवर अळ्या मुद्दाम सोडल्या. सुरुवातीला काही रुग्णांना धनुर्वात झाला, तेव्हा त्याने अंडी निर्जंतुक करायला घेतली. प्रतिजैविकं आल्यावर हा उपचार मागे पडला. २००४ मध्ये अमेरिकेने त्याला पुन्हा मान्यता दिली. वापरतात ती माशी वेगळी, ल्युसिलिया सेरिकाटा. तिच्या अळीची लाळ मेलेलं मांस विरघळवते, जिवंत मांस सोडून देते. पायाच्या चिघळलेल्या व्रणांवर ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २००९ मध्ये आला. जखम लवकर स्वच्छ झाली, पण भरून यायला तेवढाच वेळ लागला आणि वेदना जास्त होत्या.

म्हणून घरी कोणी हा प्रयोग करू नये. गुरांच्या जखमेत किडे पडतात ते आपण पाहतो. त्यातली क्रायसोमाया बेझियाना जिवंत मांसच खाते. गोठ्यात सीताफळाचा पाला वाटून लावतात. पण मधुमेह असलेल्या, लावणीत अनवाणी चिखल तुडवणाऱ्या माणसाच्या पायाला भेग पडली, बधिर पायाला ती कळली नाही, त्यावर माशी बसली, तर त्याने त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

(दृश्य : संध्याकाळ. सुकट गोळा करणाऱ्या बाया. जाळ्यावर एकही माशी नाही.)