हवामान बदलाचा खटला: हेगच्या न्यायालयाने नेमकं काय सांगितलं?

नमस्कार मंडळी.

23 जुलै 2025. नेदरलँड्समधलं द हेग शहर, आंतरराष्ट्रीय न्यायालय. पंधराच्या पंधरा न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की हवामानाला धोका पोचू न देणं प्रत्येक देशावर कायद्याने बंधनकारक आहे.

(पडद्यावर पॅसिफिक महासागराचा नकाशा)

हा प्रश्न तिथवर नेला वानुआतूने. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला ऐंशीएक बेटांचा देश, लोकसंख्या साधारण सव्वातीन लाख. त्यातही मला कौतुक वाटतं ते विद्यार्थ्यांचं. 2019 मध्ये तिथे कायदा शिकणारी 27 मुलंमुली पॅसिफिकमधल्या सरकारांच्या मागे लागली, की हा विषय जगाच्या सर्वोच्च न्यायालयात न्या. मार्च 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने न्यायालयाचं सल्लागार मत, म्हणजे कायदा काय म्हणतो याचं उत्तर, मागणारा ठराव केला. डिसेंबर 2024 मध्ये सुनावणी झाली, तेव्हा 96 देश बोलायला उभे राहिले.

प्रश्न दोन होते. हवामानाबाबत देशांची कर्तव्यं कोणती? आणि ती मोडली तर काय?

अनेक मोठ्या देशांचं म्हणणं होतं: आम्ही 2015 च्या पॅरिस हवामान करारावर सही केलीय, त्यापलीकडे आम्हाला काही विचारू नका. आपल्या दिल्लीचा सूरही याच्या जवळचाच होता. श्रीमंत देशांनी दीडशे वर्षं धूर सोडला, त्याचा हिशोब आधी करा, हा भारताचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. पण करारापलीकडे कायदाच नाही, हे न्यायालयाने मान्य केलं नाही. आपल्या भूमीवरून दुसऱ्याचं नुकसान होऊ द्यायचं नाही, हा नियम जुना आहे. कॅनडातल्या ट्रेल गावच्या धातू कारखान्याचा धूर अमेरिकेतल्या शेतांवर जायचा, त्या वादात 1941 मध्येच लवादाने तो लावला होता. कोळसा, तेल, वायू काढायला परवाने आणि अनुदानं वाटत राहायचं आणि उत्सर्जन रोखायला काहीच करायचं नाही, हा कायद्याचा भंग ठरू शकतो. आणि भंग झाला तर नुकसानभरपाईपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

आता खरी गाठ. वादळात घर गेलं ते कुणाच्या धुरामुळे, हे सिद्ध कसं करणार? न्यायालय म्हणतं, अवघड आहे, अशक्य नाही.

इथे मी तुम्हाला युद्धांकडे नेणार आहे, कारण पर्यावरणाच्या नुकसानीचे पैसे मोजण्याचा सराव न्यायव्यवस्थेला तिथे झालाय.

(कुवेतमधल्या जळत्या तेलविहिरींची दृश्यं)

1991. माघार घेताना इराकी फौजांनी कुवेतमधल्या 600 हून अधिक तेलविहिरी पेटवल्या. सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक 687 मध्ये पर्यावरणाच्या हानीसाठीही इराकला जबाबदार धरलं. भरपाई आयोग नेमला, इराकच्या तेलविक्रीतून पैसे कापले आणि 2022 पर्यंत एकूण सुमारे 52.4 अब्ज डॉलर वाटले. म्हणजे इच्छा असली की मोजता येतं, वसूलही करता येतं.

दुसरं उदाहरण काँगोचं. युगांडाच्या सैन्याने तिथे घुसून जी हानी आणि लूट केली त्याबद्दल याच न्यायालयाने 2022 मध्ये 32.5 कोटी डॉलर भरपाई ठरवली, त्यात 6 कोटी लुटलेल्या नैसर्गिक संपत्तीचे. युद्धात कागद उरत नाहीत हे समजून न्यायालयाने अंदाजे ठोक रक्कम धरली. मात्र जंगलतोडीमुळे जैवविविधतेचं जे नुकसान झालं, त्याचे पैसे मिळाले नाहीत. पुरावा कमी पडला. तो निकाल माझ्या मनाला फार लागतो. झाडं गेली हे सगळ्यांना माहीत, पण नोंद नाही.

आणि फौजांचा स्वतःचा धूर? पॅरिसच्या आधीच्या क्योटो हवामान करारात परदेशातल्या लष्करी मोहिमांच्या उत्सर्जनाचा मोठा भाग हिशोबाबाहेर ठेवला गेला, आणि पॅरिसनंतरही लष्कराचा वेगळा हिशोब देण्याची सक्ती नाही. ही मोठी भेग आहे. वानुआतू, फिजी आणि सामोआ यांनी 2024 मध्ये निसर्गसंहाराला युद्धगुन्ह्यांच्या पंगतीत बसवण्याचा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे (व्यक्तींवर खटले चालवणारं वेगळं न्यायालय) दिलाय. त्याला वेळ लागेल.

कमेंटमध्ये कुणीतरी म्हणेलच, "हे तर सल्लागार मत, बंधनकारक कुठे?" बरोबर. पण त्यात सांगितलेला कायदा मुळातच बंधनकारक आहे. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरचा ताबा ब्रिटनने सोडावा, हे 2019 चं मतही सल्लागारच होतं. ब्रिटनने तेव्हा ते धुडकावलं आणि मे 2025 मध्ये त्याच बेटांबद्दल मॉरिशसशी करारावर सही केली.

आपल्याशी याचा संबंध? एकमत देणाऱ्या त्या पंधरांमध्ये भारताचे दलवीर भंडारी होते, आणि खनिज इंधनांबद्दल त्यांनी न्यायाधीश क्लीव्हलँड यांच्यासोबत वेगळं निवेदनही जोडलं. मार्च 2024 मध्ये माळढोकच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या कलम 14 आणि 21 मधून मान्य केला. हेगचं मत आता इथल्या वकिलांनाही हाताशी घेता येईल.

काँगोसारखा आपला पुरावा कमी पडू नये, म्हणून एक विनंती. 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा पंचनामे झाले. असा पंचनामा तुमच्या घरी असेल तर फाडू नका. खाऱ्या पाण्याने नासलेली विहीर, खचलेला बांध, मागे सरकलेला किनारा यांचे तारखेसकट फोटो काढा आणि ग्रामसभेच्या ठरावात नोंदवून घ्या. अर्ज कसा लिहायचा त्याचा नमुना खाली देतोय.