एक शिलिंग दीड पेनीची गोळी

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय, 'एकोणिसाव्या शतकातली सर्वरोगहर औषधं आणि वृत्तपत्रांचं मौन'. मौनावर मी बोलणार आहे. पण आधी गोळी नीट पाहू. गोळी समजली नाही, तर वृत्तपत्रं नेमकी कशाबद्दल गप्प होती हेच कळणार नाही.

आणि गोळीच्याही आधी एक तक्रार. ह्या औषधांच्या जुन्या बाटल्या आता संग्रहालयांत काचेआड असतात. लेबलावर कुणी दाढीवाला, खाली रोगांची यादी: संधिवात, मूळव्याध, कावीळ, फेफरं, मनाची उदासी. बघणारे हसतात आणि म्हणतात, काय भोळे लोक होते! मला हे हसणं मान्य नाही. १८४० च्या लंडनमध्ये तुम्ही आजारी पडलात असं धरा. नावाजलेल्या वैद्याची फी एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. एवढे मोजून मिळायचं काय? जळवा, रक्त काढणं, आणि कॅलोमेल. कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचा क्षार. तो तोंडाला लाळ सुटेपर्यंत द्यायचा, कारण लाळ सुटली म्हणजे औषध लागू पडलं असा शास्त्रार्थ होता. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे. शेजारच्या दुकानात मात्र एक शिलिंग दीड पेनीला गोळ्यांची डबी. ती घेणारा भोळा नव्हता, हिशेबी होता.

शिलिंग म्हणजे बारा पेनी. मग वरचे हे दीड पेनी कुठून आले? ते सरकारचे. १८१२ च्या कायद्यानं एक शिलिंगपर्यंतच्या औषधावर दीड पेनी, त्यापुढे अडीच शिलिंगपर्यंत तीन पेनी मुद्रांक बसायचा. म्हणून लहान डबी १ शिलिंग १½ पेनीला आणि मोठी २ शिलिंग ९ पेनीला. जाहिरातींत हे दोन आकडे शंभर वर्षं दिसतात. मुद्रांकाचा कागद डबी उघडताना फाटेल असा चिकटवायचा. गिऱ्हाइकानं त्याचा अर्थ काय घ्यावा? सरकारनं तपासून शिक्का मारलाय! विक्रेत्यांनी हा गैरसमज जिवापाड जपला. "सरकारी मुद्रांक पाहून घ्या, नकली मालापासून सावध राहा," असं तेच छापायचे. शेवटी सरकारला त्या मुद्रांकावरच छापावं लागलं की ही सरकारी हमी नव्हे. अक्षर अर्थातच बारीक.

बरं, डबीत काय असायचं? बीचमची गोळी घ्या. टॉमस बीचम हा मूळचा मेंढपाळ, नंतर लँकशरमधल्या सेंट हेलेन्सचा गोळीवाला. (नातू पुढे मोठा संगीत-संचालक झाला. इंग्लंडमधल्या किती वाद्यवृंदांचा पगार जुलाबातून निघाला हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.) ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं १९०९ मध्ये ह्या गुप्त औषधांची पृथक्करणं पुस्तकरूपानं छापली. बीचमच्या गोळीत सापडलं काय? काळा बोळ, सुंठ आणि साबण. बास. काळा बोळ म्हणजे कोरफडीचा आटवून वाळवलेला चीक. तुमच्या आजीच्या बटव्यातला.

करायची रीत साधी, पण चुकायला जागा पुष्कळ. काळा बोळ दमट हवेत चिकट होतो, म्हणून आधी सुकवून मग कुटायचा. त्यात सुंठपूड आणि साबण घालून खलात मळायचं, पाणी थेंबाथेंबानं. सैल झालं तर गोळ्या डबीत बसून चपट्या होतात आणि एकमेकींना चिकटतात. कोरडं झालं तर भुगा पडतो. मळलेल्या गोळ्याची लांब वळी करायची, खाचा असलेल्या पितळी पट्टीवर ठेवून दुसऱ्या पट्टीनं एका झटक्यात कापायची, मग तुकडे गोल फिरवून वर कोरडी पूड भुरभुरायची. फार जुनी झालेली गोळी खड्यासारखी कठीण होते आणि पोटातून जशीच्या तशी बाहेर पडते. तिचा उपयोग शून्य, पण अपायही शून्य, म्हणून तक्रारही येत नाही.

ह्यातली खरी हुशारी घड्याळात आहे. काळ्या बोळाचं काम मोठ्या आतड्यात चालतं, आणि तिथं पोचून परिणाम दिसायला आठ ते बारा तास लागतात. रात्री निजताना घ्या, सकाळी प्रत्यय. सुंठ असते मुरडा कमी व्हावा म्हणून. साबणानं गोळी बांधली जाते. जाहिरात सांगते त्या वेळी, सांगते तसं, डोळ्यांना दिसेल असं काहीतरी घडतं. त्या काळच्या किती डॉक्टरांच्या औषधाबद्दल हे म्हणता आलं असतं? मग डोकेदुखी थांबली, सर्दी आपोआप बरी झाली, तरी श्रेय गोळीलाच. माणूस आठ दिवसांनी आभाराचं पत्र लिहितो. महिन्यानं दुखणं उलटलं तर पुन्हा पत्र लिहीत नाही. प्रशस्तिपत्रांचा सारा धंदा ह्या न लिहिलेल्या दुसऱ्या पत्रावर उभा होता.

बीचमचं घोषवाक्य १८५९ पासूनचं: डबीची किंमत एक गिनी. ही गिनी कुठली ते तुमच्या लक्षात आलं असेल. डॉक्टरची फी! आणि असोसिएशननं मांडलेला हिशेब असा की डबीतल्या ५६ गोळ्यांच्या साहित्याला सुमारे अर्धा फार्दिंग लागतो. फार्दिंग म्हणजे पाव पेनी. साडेतेरा पेनीला अर्ध्या फार्दिंगनं भागून पाहा, बरोबर १०८ येतात. आख्खी जपमाळ.

ह्या सगळ्यांत माझा लाडका इसम म्हणजे टॉमस हॉलोवे. त्याच्यावर थोडा वेळ जाईल, क्षमा असावी. १८३० च्या दशकात हा लंडनमध्ये परदेशी व्यापाऱ्यांचं दलालीचं काम करायचा. औषधांशी संबंध नाही. त्याच्याकडे आला इटलीतल्या तुरीनचा फेलिक्स अल्बिनोलो. हा जळवा विकायचा, आणि एक मलम. हॉलोवेनं त्याची इस्पितळांत ओळख करून दिली. मिडलसेक्स इस्पितळातले शल्यवैद्य हर्बर्ट मेयो यांनी मलमाबद्दल दोन बरे शब्द लिहूनही दिले. ऑक्टोबर १८३७ मध्ये वर्तमानपत्रात मलमाची जाहिरात आली, खाली मेयोंचा दाखला. मलम मात्र हॉलोवेचं! अल्बिनोलो बिचारा जाहिराती देऊन ओरडत राहिला की दाखला माझ्या मलमाचा आहे. त्याचं पुढे काही चाललं नाही. मलमात पुढे सापडलं ते मेण, चरबी, तेल आणि टर्पेंटाइनच्या जातीचं काही. कुणाचंही असतं तरी फरक पडला नसता, हा भाग वेगळा.

पण थांबा, हॉलोवेही लगेच वर आला नाही. जाहिरातींची बिलं थकली आणि 'टाइम्स'च्या देण्यापायी तो कर्जदारांच्या तुरुंगात गेला. सुटून आला आणि काय केलं? आणखी जाहिराती. मलमाच्या जोडीला गोळ्या आणल्या. रोज सकाळी तो गोदीवर जाऊन सुटणाऱ्या जहाजांच्या कप्तानांना आणि उतारूंना माल विकायचा. विचार करा, महिनोन्‌महिने खारवलेलं मांस आणि सुकी बिस्किटं खाणाऱ्या माणसाला जुलाबाची गोळी! याहून योग्य गिऱ्हाईक जगात नव्हतं. आणि प्रत्येक जहाज ती डबी नव्या बंदरात घेऊन जायचं. जाहिरातीवरचा त्याचा खर्च १८४२ मध्ये वर्षाला ५,००० पौंड, १८५१ मध्ये २०,०००, १८५५ मध्ये ३०,०००, आणि १८८३ मध्ये तो वारला तेव्हा ५०,००० च्या घरात. गोळ्या कशा घ्यायच्या ह्याची पत्रकं चिनी, तुर्की, अरबी, आर्मेनियन आणि हिंदुस्थानातल्या बहुतेक भाषांत छापली गेली. म्हणजे आपले पूर्वजही ह्या हिशेबात आहेत, दुसऱ्यांना हसून सुटका नाही.

मूलबाळ नव्हतं. पैशाचं काय केलं? लंडनजवळ एगमला मुलींसाठी भव्य कॉलेज बांधलं, १८८६ मध्ये राणी व्हिक्टोरियानं उघडलं, ते आजही चालू आहे. आणि त्याच्या आदल्या वर्षी जवळच मानसिक रुग्णांसाठी रुग्णालय उघडलं. सर्व रोग बरे करणाऱ्या गोळीच्या मालकानं रुग्णालय बांधलं, आणि तिथं नेमले डॉक्टर!

सगळे हॉलोवेसारखे निरुपद्रवी नव्हते, हेही सांगायला हवं. जेम्स मॉरिसनचं म्हणणं, रोग एकच, दूषित रक्त. औषध एकच, त्याची वनस्पतीजन्य गोळी. बरं वाटलं नाही तर जास्त घ्या. आणखी बिघडलं तर दोष बाहेर पडतोय, म्हणून अजून जास्त. दिवसाला वीस-तीस गोळ्या, त्यांत काळ्या बोळाबरोबर गँबोज, कडू इंद्रायण अशी जहाल रेचकं. १८३६ मध्ये एक कप्तान गुडघेदुखीसाठी ह्या गोळ्या घेता घेता मेला. विक्रेत्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला होऊन दोनशे पौंड दंड झाला. धंदा चालूच राहिला.

लहान मुलांची औषधं तर अंगावर काटा आणतात. गॉडफ्रीज कॉर्डियल म्हणजे काकवीत अफू. अफू तळाशी बसते. बाटली न हलवता दिली तर वरचे डोस सौम्य आणि शेवटचे चमचे जीवघेणे, त्यात प्रत्येक दुकानदाराचं प्रमाण निराळं. अमेरिकेत मिसेस विन्स्लोजचं सिरप, त्यात एका औंसाला सुमारे ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन. आईला दिसायचं एवढंच की रडणारं मूल शांत झालं. (मागून कुणीतरी ग्राइप वॉटर म्हणालं. ते वुडवर्डचं, नॉटिंगहॅम, १८५१. त्यात अफू नव्हती. थोडं मद्य होतं, म्हणून मूल खुशीत असायचं.)

मद्यावरून आठवलं लिडिया पिंकमचं औषध. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं लिन गाव, १८७५ पासून, बायकांच्या सर्व तक्रारींवर. तिच्या कृतीत शंभर पाइंटांना पाच जिनसा, त्यांत सर्वांत जास्त काय असेल? मेथ्या! बारा औंस, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम. बाकीच्या चार मुळ्या मिळून सव्वीस औंस. आणि मद्य १८ टक्के. बाई स्वतः दारूबंदीवाल्या. मद्य फक्त अर्क उतरायला आणि टिकायला, असा खुलासा असायचा. १८७९ पासून तिचा चेहरा लेबलावर आणि जाहिरातीत आला. जाहिरात सांगायची, पुरुष डॉक्टरला सांगायला संकोच वाटतो ना, मिसेस पिंकमना लिहा. बायका लिहीत. ती वारली १८८३ मध्ये, पत्रांना उत्तरं पुढेही जात राहिली. १९०५ मध्ये एका महिला मासिकानं तिच्या थडग्याच्या दगडाचा फोटो छापला तेव्हा कंपनी म्हणाली, मिसेस पिंकम म्हणजे आमच्या सूनबाई.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, आठ मिनिटं. म्हणजे मौनाला आठ मिनिटं.

तर मुद्दा असा. वृत्तपत्रांना एकेक बातमी दाबायला लाच दिली गेली, असं समजू नका. ती फार महाग पद्धत झाली असती. मुळात इंग्लंडच्या गावोगावच्या वृत्तपत्राचं कार्यालय हेच औषधाचं दुकान होतं. अंक वाटणारा माणूसच डब्या पोचवायचा. संपादक एजंट, मग तो लिहिणार काय? त्यात १८५३ पर्यंत प्रत्येक जाहिरातीवर सरकारी कर होता, शेवटची वीस वर्षं दीड शिलिंग. तो उठला, दोन वर्षांनी वृत्तपत्रांवरचा मुद्रांकही उठला, अंक स्वस्त झाले, पानं वाढली. ही वाढीव पानं भरून पैसे कोण देणार? किराणावाला गावापुरता. देशभर एकच माल विकणारा आणि वर्षाचा करार करणारा त्या वेळी मुख्यतः औषधवाला. स्वस्त वृत्तपत्राचा उरलेला खर्च त्यानं उचलला.

अमेरिकेत हेच कागदावर आलं. हॉल्स कॅटार क्युअर ह्या सर्दीवरच्या औषधाचे मालक फ्रँक चेनी औषधवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी वृत्तपत्रांशी होणाऱ्या करारात लाल शाईनं एक कलम छापून घेतलं: तुमच्या राज्यात अशा औषधांच्या विक्रीला बाधा आणणारा कायदा झाला तर हा करार रद्द. पुढचं काम संपादकाचं. विधिमंडळात विधेयक आलं की आमदाराला भेटायला औषधवाला जातच नव्हता, त्याच्या मतदारसंघातला संपादक जायचा! मॅसॅच्युसेट्समध्ये १९०५ साली बाटलीवर घटक छापा अशा विधेयकावर चर्चा झाली, तर बॉस्टनच्या दैनिकांत ती जवळजवळ दिसलीच नाही. हे कलम उघडं केलं 'कॉलियर्स' ह्या साप्ताहिकानं, त्याच वर्षी, सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स यांच्या ह्याच औषधांवरच्या लेखमालेच्या जोडीनं. जून १९०६ मध्ये कायदा झाला. मद्य, अफू, कोकेन असेल तर लेबलावर लिहा, एवढंच. विकू नका असं नाही. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की कायदा घटकांबद्दलच्या खोटेपणाला लागू आहे, 'कर्करोग बरा होतो' ह्या खोटेपणाला नाही. मग १९१२ मध्ये दुरुस्ती करावी लागली, आणि तीही फसवण्याचा हेतू सिद्ध झाला तरच चालायची. वर्तमानपत्रातली जाहिरात तरीही कायद्याबाहेरच राहिली, तो कायदा फक्त लेबलाचा होता.

इंग्लंडमध्ये? मघाशी मी ज्या पृथक्करणांच्या पुस्तकाचा उल्लेख केला, त्याची साधी पैसे देऊन केलेली जाहिरातही अनेक वृत्तपत्रांनी नाकारली. संसदेची समिती १९१२ मध्ये बसली, दोन वर्षं साक्षी झाल्या, अहवाल कडक निघाला. तारीख ४ ऑगस्ट १९१४. त्याच दिवशी ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. घटक छापण्याची सक्ती आणि ठरावीक रोगांच्या जाहिरातींवर बंदी यायला १९४१ उजाडलं. आपल्याकडचा जाहिरातींचा कायदा १९५४ चा, त्याच्या परिशिष्टात ५४ रोग आहेत. ती यादी घरी गेल्यावर वाचा, आणि मग उद्याचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून वाचा. चिठ्ठी पुन्हा आली. प्रश्न असतील तर हॉलबाहेर घेतो.