खांबावरचा फोन आणि काळ्यांचा खसरा

(दृश्य: शेत. मधोमध टेलिफोनचा उंच खांब.)

फोन खांबाच्या टोकाला बसवलाय. घंटी वाजली, की घरमालक धावत येतो, वर चढतो आणि तिथूनच बोलतो. घरापर्यंत आणायला कंपनीची तार पुरली नाही. जोडणी मात्र दिलेली आहे, म्हणजे कंपनीच्या लेखी काम झालं.

ही ‘ग्रीन एकर्स’ नावाची विनोदी मालिका. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर 1965 ते 1971 या काळात तिचे 170 भाग झाले. न्यूयॉर्कचा वकील ऑलिव्हर डग्लस शेतीच्या ओढीनं हूटरव्हिल गावी येतो. कायदा जाणणारा माणूस, आणि नेमका तोच कागदांत अडकतो. गावचा किराणा दुकानदार सॅम ड्रकर हाच पोस्टमास्तर, वर्तमानपत्राचा संपादकही तोच. म्हणजे तक्रार न्यायची कुठेही असो, समोर माणूस एकच.

(दृश्य: टपालाचं पाकीट, शेजारी डुकराचं पिल्लू.)

सगळ्यांत पक्कं बांधलेलं प्रकरण आर्नल्डचं. आर्नल्ड हे डुक्कर. झिफेल दांपत्य त्याला मुलासारखं वाढवतं, शाळेत पाठवतं. आणि एके दिवशी त्याच्या नावानं सैन्यभरतीची नोटीस येते. त्या काळी तिथे तरुणांची सक्तीची भरती होत असे. 1-ए शेरा म्हणजे भरतीयोग्य, 4-एफ म्हणजे अपात्र. नोटीस नावावर निघते; नाव कोणाचं, हे कागद विचारत नाही. ‘हे डुक्कर आहे’ असं लिहायला कोणत्या नमुन्यात रकाना असणार? गंमत इथे पिकते, कारण खोटं कोणीच बोलत नाही. झिफेल मनापासून त्याला मुलगा मानतात, कार्यालय मनापासून नियम पाळतं.

अशी कागदी गुंत्याची प्रहसनं लिहिणारे इथेच चुकतात. बाबू लाचखाऊ किंवा मूर्ख दाखवला, की प्रेक्षक त्याच्यावर चिडतो आणि गुंता सुटतो. प्रत्येक टेबलामागे एक खरा नियम हवा, आणि प्रत्येक टेबलानं दुसऱ्याचा कागद मागायला हवा. तीन टेबलं पुरेत. अर्ध्या तासाच्या भागात चौथं आलं, की सूत्र हातचं जातं.

(दृश्य: इंदूर. तहसील कार्यालयाबाहेर टंकलेखकाचं टेबल.)

गणेशोत्सवात एकांकिका बसवणाऱ्या इंदूरच्या मराठी मंडळींना यासाठी दूर जायला नको. वडील गेले, गावी शेत आहे, नामांतरण करायचंय, म्हणजे जमिनीवर वारसाचं नाव लावायचंय. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती, आधार. पटवारी (आपला तलाठी) अहवाल देतो, तहसीलदार आदेश काढतो, खसऱ्यात (शेताच्या सरकारी नोंदीत) आणि बी-1मध्ये (खातेदाराच्या उताऱ्यात) नाव चढतं. आता आडनाव घ्या: काळे. हिंदीत ‘ळ’ चालत नाही, म्हणून खसऱ्यात ‘काले’. पुण्यात काढलेल्या शाळेच्या दाखल्यावर ‘काळे’. त्यात आपण वडिलांचं नाव मध्ये लिहितो, इथल्या अर्जात ‘पिता का नाम’ हा वेगळा रकाना. त्यामुळे एका कागदावर तीन शब्दांचं नाव, दुसऱ्यावर दोन. बँक म्हणते, खसरा दुरुस्त करा. तहसील म्हणते, आधी सगळ्या कागदांवर एकच नाव आणा. दोघांचंही बरोबर आहे.

मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959. तिच्या कलम 115 मध्ये चुकीची नोंद सुधारण्याची सोय आहे. त्यासाठी अर्ज टंकायचा.

(दृश्य: कळफलक, अगदी जवळून. एक बोट.)

भारतीय भाषांसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ल’ आणि ‘ळ’ एकाच कळीवर बसतात. नुसती दाबली तर ‘ल’, शिफ्टसकट दाबली तर ‘ळ’. हिंदी टंकणाऱ्या बोटाला त्या कळीवर शिफ्टची सवय नसते.

(दृश्य: छापलेला अर्ज. कॅमेरा ओळीवरून सावकाश सरकतो.)

‘अतः निवेदन है कि खसरे में काले के स्थान पर काले दर्ज किया जाए।’

खाली सही. शिक्का. आवक क्रमांक.