आकडा आला, पुढे कोण बघणार?

नमस्कार, श्रोतेहो.

मार्च 1905. नेदरलँड्समधलं लायडन शहर. हृदयातल्या विजेचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढणारं यंत्र विलेम आइन्थोव्हेन या प्राध्यापकांनी नुकतंच सिद्ध केलं होतं. यंत्र कसलं, खोलीभर पसारा! वजन 270 किलोच्या आसपास आणि चालवायला पाच माणसं. रुग्णाने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचं. एवढं धूड इस्पितळात नेणार कोण? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून प्रयोगशाळेत आणणंही तितकंच अवघड. आइन्थोव्हेन यांनी मधला मार्ग काढला. टेलिफोनची तार वापरून इस्पितळातल्या माणसाच्या हृदयाचा आलेख त्यांनी दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत उतरवून घेतला. तेव्हा दुरून तपासणी ही काही मोबाइल कंपन्यांनी कालपरवा काढलेली टूम नाही. सव्वाशे वर्षं होत आली तिला.

पुढे अमेरिकेत, मोंटाना राज्यातल्या हेलेना गावी, नॉर्मन होल्टर या भौतिकशास्त्रज्ञाने तारही काढून टाकली. 1940च्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. पाठीवर 38 किलोंचं रेडिओयंत्र बांधून हे गृहस्थ सायकलचे पायडल मारत आणि त्यांच्या ठोक्यांचा आलेख हवेतून पलीकडच्या यंत्रावर येई. आज डॉक्टर एखाद्या रुग्णाला ‘चोवीस तासांचं होल्टर लावून घ्या’ म्हणतात, ते या होल्टरच्याच नावाने. तेच काम आता छातीवर चिकटवलेली एक पट्टी करते. अंगावर काही आहे हे माणूस तासाभरात विसरूनही जातो.

पट्टी हृदयातल्या विजेचा आलेख काढते, मनगटावरचं घड्याळ मात्र प्रकाशाने नाडी मोजतं. ते कसं? घरबसल्या एक प्रयोग करा. रात्री दिवा मालवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट घट्ट टेकवा. बोट लालभडक दिसेल. टॉर्चचा प्रकाश पांढरा, मग लालच का? कारण हिरवा आणि निळा प्रकाश रक्ताने गिळला, लाल तेवढा आरपार आला. मनगटावरच्या घड्याळाच्या पोटात हिरवा दिवा लुकलुकतो त्याचं कारण हेच. ठोका पडला की मनगटातलं रक्त क्षणभर वाढतं, हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो, परत कमी येतो. हे कमीजास्त मोजलं की नाडी मोजली.

बोटाला चिमट्यासारखा लावायचा ऑक्सिमीटर मात्र लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश वापरतो. प्राणवायू घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. ही युक्ती जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांची. खरं तर ते वेगळंच काहीतरी मोजायला निघाले होते. रक्तात रंग सोडून हृदय किती रक्त ढकलतं हे पाहायचं होतं आणि नाडीच्या उसळीमुळे आलेख सारखा बिघडत होता. ती उसळी पुसून टाकायच्या खटपटीत त्यांच्या ध्यानात आलं, की या उसळीतूनच प्राणवायूचं प्रमाण कळतंय. 1974मध्ये त्यांनी ही युक्ती जगापुढे मांडली. पुढे कोविडच्या काळात, सप्टेंबर 2020मध्ये, महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली आणि आशाताई हेच यंत्र घेऊन उंबरे झिजवत होत्या. 94 हा आकडा तेव्हा शाळकरी पोरांनाही पाठ झाला होता.

पण हा आकडा दर वेळी खरा असतोच असं नाही. बोटं गार पडलेली असली, नखांवर गडद नेलपॉलिश असलं, हात हलत असला की आकडा भरकटतो. आणि एक दोष त्याहून खोल आहे. डिसेंबर 2020मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑक्सिमीटर 92 ते 96 असा बरा आकडा दाखवतोय, पण धमनीतलं रक्त तपासलं तर प्राणवायू 88च्याही खाली, अशी फसगत गोऱ्या रुग्णांमध्ये शंभरांत साडेतीनच्या आसपास निघाली, कृष्णवर्णीयांमध्ये जवळजवळ बारा. कातडीतला रंगही प्रकाश खातो, हे साधं कारण. सावळ्या माणसांच्या देशाने याची जितकी चर्चा करायला हवी होती तितकी काही केली नाही, असं माझं मत आहे.

आता बिनतारी भागाकडे. अंगावरची पट्टी थेट डॉक्टरांशी बोलत नाही. ती ब्लूटूथने जवळच्या मोबाइलला सांगते, मोबाइल पुढे धाडतो. ईसीजीची पट्टी सेकंदाला 250 नोंदी घेत असेल, तर एका दिवसात 2 कोटी 16 लाख नोंदी होतात. सगळ्याच पाठवायच्या म्हटलं तर पट्टीची बॅटरी त्या पाठवण्यातच संपायची, आणि मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या गावात रेंज नसली तर सगळंच अडलं. म्हणून हुशार पट्टी गणित अंगावरच उरकते. मिनिटाला एक ठोक्यांचा आकडा, म्हणजे दिवसाला 1440 आकडे. एवढे तर एका फोटोपेक्षाही कमी जागेत मावतात, रेंज येईपर्यंत साठवून ठेवता येतात. मूळ आलेखाचा तुकडा फक्त काही वावगं दिसलं तरच पाठवायचा. स्वस्ताई येते ती अशा ठिकाणी. नुसत्या सुट्या भागांच्या किमतीवर जाऊ नका, ते भाग तर केव्हाच स्वस्त झाले आहेत.

आणि रुग्णाला महाग पडते ती डॉक्टरांची फी कमी, फेरीच जास्त. एसटीचं भाडं, बुडालेली रोजंदारी, सोबत आलेल्या माणसाचीही बुडालेली रोजंदारी, तालुक्याला पोचावं तर नंबर लागत नाही, मग उद्या पुन्हा. बीपी किंवा शुगरच्या जुन्या रुग्णाच्या अशा कितीतरी फेऱ्या नुसत्या आकडा सांगायला असतात. त्या वाचल्या तर या तंत्राने मोठंच काम केलं म्हणायचं.

मात्र दुसऱ्या टोकाला कोणीतरी बसलेलं हवं. सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर फेब्रुवारी 2023पर्यंत दहा कोटी सल्ले झाले. गावातल्या आरोग्य केंद्रातून शहरातल्या डॉक्टरांशी बोलण्याची वाट आहे, ती वापरातही आहे. पण तिथे डॉक्टर एका वेळी एका रुग्णाशी बोलतात. हजार मनगटांवरून रात्रंदिवस आकडे येऊ लागले, तर ते कोणी बघायचे?

अमेरिकेत 4 लाख 19 हजार लोकांवर मनगटी घड्याळाचा एक अभ्यास झाला, 2019मध्ये तो प्रसिद्ध झाला. ‘ठोके अनियमित आहेत’ असा इशारा मिळाला दर हजारी फक्त पाच जणांना. अशांना पुढे ईसीजीची पट्टी घरी पाठवली. ज्यांनी ती लावून परत दिली, त्यांच्यापैकी 34 टक्क्यांत दोष सापडला. उरलेल्यांचा इशारा खोटाच होता असं नाही, कारण हा आजार येतो आणि जातो. पण या माणसांशी बोलायला, समजवायला, पुढची तपासणी ठरवायला डॉक्टर लागलेच. घड्याळ काम वाढवूनही ठेवतं.

म्हणून मला बंगळूरची एक छोटीशी वस्तू फार आवडते. बेम्पू नावाचा नवजात बाळाच्या मनगटात घालायचा पट्टा. कमी वजनाचं बाळ दवाखान्यातून घरी आलं की गार पडण्याचा धोका असतो, आणि आईच्या हाताला ते वेळेत कळेलच असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायांना घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायचं शिक्षण दिलं, त्यात बाळाला ऊब देणं हा मोठा धडा होता. बेम्पूचा पट्टा तेच एक काम राखतो. ऊब ठीक असली की निळा दिवा लुकलुकतो. 36.5 अंशांच्या खाली गेली की नारिंगी दिवा आणि पीं पीं. ब्लूटूथ नाही, ॲप नाही, पासवर्ड नाही. नारिंगी दिसला की आईने बाळाला उघड्या छातीशी धरायचं. इशारा ज्याच्या कानावर पडतो, उपायही त्याच्याच हातात आहे. पुष्कळ महागड्या यंत्रांना हे जमलेलं नाही.

खरेदीला निघाला असाल तर दोन-तीन गोष्टी सांगतो. सुई न टोचता साखर मोजतो असं म्हणणारं घड्याळ किंवा अंगठी दिसली तर पुढच्या दुकानात चला. अशा वस्तू वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी फेब्रुवारी 2024मध्ये दिला आहे. साखरेच्या ज्या दंडावर चिकटवायच्या चकत्या मिळतात, त्या कातडीखाली बारीक तंतू खुपसतात आणि चौदाएक दिवस चालतात. त्या खऱ्या, पण त्यांचा आकडा रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटं मागे असतो. बीपीचं म्हणाल तर दंडाला गुंडाळायचा साधा पट्टाच बरा. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकवा, हात टेबलावर ठेवा, आकडा वहीत तारीखवार लिहा. महिन्याभराची ती वही डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवली, तरी झाली की दुरून तपासणी!

आणि कंपनीवाल्याला एवढं विचाराच, की रात्री दोन वाजता माझा आकडा बिघडला तर तुमच्याकडे कोण बघणार आहे? उत्तर ‘ॲपवर नोटिफिकेशन येईल’ असं आलं, तर ते तुमच्याच उशाशी येणार, हे लक्षात घ्या.

शेवटी छातीत दुखण्याबद्दल. घड्याळातला ईसीजी हृदयाकडे एकाच बाजूने पाहतो, दवाखान्यातला बारा बाजूंनी. हार्ट ॲटॅक घड्याळाला ओळखता येत नाही. छाती जड झाली, घाम फुटला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात उतरली आणि घड्याळ ‘सगळं ठीक’ म्हणत असलं, तरी त्याच्याकडे पाहत बसू नका. 108 लावा, माणूस एकटा सोडू नका, आणि त्याला चालत गाडीपर्यंत नेऊ नका.

नमस्कार.